छ छ छ छ छ : नोटटेकर घरच्या वायफायला जोडताना

दिवाळीच्या आधी माझ्याकडे एक ब्रेल नोटटेकर आलं. नवीन नाही, वापरलेलं. ओळखीचे एक सर आहेत, निवृत्त झालेत, शुगरमुळे त्यांच्या बोटांची जाणीव आता कमी झालीय, टिंबं नीट लागत नाहीत म्हणाले, तूच घेऊन जा. पैसे घेतले पण इतके कमी की मला दोन दिवस अवघडल्यासारखं झालं. देताना म्हणाले, "सगळं चालतंय, फक्त वायफायच्या भानगडीत मी कधी पडलो नाही रे, मेमरी कार्डावरच काम भागवलं." त्यांनी ते वाक्य किती सहज टाकलं होतं ते मला पुढच्या आठवडाभरात कळलं.

ज्यांनी हे यंत्र हातात घेतलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जाडसर डायरीएवढं असतं. वर आठ बटणं, डाव्या हाताची तर्जनी म्हणजे ब्रेलचा १ नंबरचा डॉट, म्हणजे टिंब, मधलं बोट २, अनामिका ३, तसंच उजवीकडे ४, ५, ६ आणि दोन्ही करंगळ्यांना ७ आणि ८. पुढच्या कडेला २० सेलची, म्हणजे २० ब्रेल अक्षरांच्या जागांची एक ओळ, प्रत्येक सेलमधे आठ बारीक पिना, आत एक पट्टी असते ती वीज मिळाली की वाकते आणि पिन वर येते. एवढंच. पण अशा १६० पिना आणि १६० पट्ट्या म्हटल्यावर किंमत लाखाच्या घरात जाते. स्क्रीन नाही. माझ्या घरात स्क्रीन असून तरी काय उपयोग, मी आणि ही, दोघंही पूर्ण अंध. ही शाळेत संगीत शिकवते, मी बँकेत आहे, राहतो सांगलीत.

आता कोणी विचारेल की फोन बोलतो की सगळं, मग हे कशाला. बरोबर आहे, मी पण दिवसभर टॉकबॅक, म्हणजे फोनची स्क्रीन वाचून दाखवणारा आवाज, ऐकतोच. पण ऐकून ऐकून माझं शुद्धलेखन गेलं हो. 'पाणी' ऱ्हस्व की दीर्घ ते कानाला कळत नाही, बोटाला कळतं. आणि हिला गाण्याचे बोल शिकवताना एका कानात इअरफोन आणि दुसऱ्या कानात पेटी हे काही जमत नाही, तिला बोल हाताखाली हवेत. म्हणून नोटटेकर.

आणि वायफाय कशाला तर पुस्तकांसाठी. आत्तापर्यंतची पद्धत अशी होती की लॅपटॉपवर एनव्हीडीए (स्क्रीन बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून सुगम्य पुस्तकालयात जायचं (अंधांसाठीचं ऑनलाईन ग्रंथालय, २०१६ पासून आहे ते, आपल्यासारख्यांना मोठा आधार), पुस्तक मागवायचं, ते तयार झालं की उतरवायचं, झिप फाईल उघडायची, कार्डावर टाकायची, कार्ड काढायचं, ते बोटाच्या नखाएवढं कार्ड जमिनीवर पडायचं, मग दोघांनी गुडघ्यावर बसून फरशी चाचपायची. या नोटटेकरमधे बुकशेअर या दुसऱ्या ऑनलाईन ग्रंथालयाची सोय आतच आहे, नेट जोडलं की थेट यंत्रावर पुस्तक. शिवाय सरांनी वायफाय कधी लावलंच नसल्यानं अपडेट बरीच वर्षं झालेलं नव्हतं. म्हटलं, रविवारी सकाळी अर्ध्या तासात उरकून टाकू.

सेटिंगमधे जाऊन वायफाय चालू केलं. नवीन जोडणीचे तीन पर्याय आले, जवळची नेटवर्क शोधा, डब्ल्यूपीएसने (म्हणजे राउटरवरचं बटण दाबून) जोडा, किंवा नाव स्वतः लिहा. पहिलं घेतलं. थोडा वेळ काही नाही आणि मग पिनांचा तो बारीक खरखर आवाज आला आणि यादी आली.

ही यादी वाचणं हा एक स्वतंत्र कार्यक्रम झाला. कारण नेटवर्कची नावं आठ टिंबांच्या कॉम्प्युटर ब्रेलमधे येतात आणि माझी बोटं अंधशाळेत तिसरीपासून भारती ब्रेलवर, म्हणजे आपल्या भाषांच्या सहा टिंबांच्या ब्रेलवर पोसलेली. इंग्रजी अक्षरांचं फारसं काही नाही, के म्हणजे क, आर म्हणजे र, टिंबं तीच, फक्त कॅपिटल असेल तर खाली सात नंबरचं टिंब शेपटीसारखं लागतं. पण खुणा वेगळ्या. अंडरस्कोअर म्हणजे ४-५-६ ही टिंबं, आणि भारती ब्रेलमधे ४-५-६ म्हणजे ळ! त्यामुळे खालच्या मजल्यावरचं 'साई_कृपा' माझ्या बोटाला 'साईळकृपा' असं लागलं, मी म्हटलं हे कुठलं कुलदैवत. आकडे पण या ब्रेलमधे खालच्या टिंबांत येतात, आकडा येतोय हे सांगणारं अंकचिन्ह नाही काही नाही. म्हणजे '२.४' असं असेल तर मला आधी अर्धविराम लागतो, मग ख, मग पूर्णविराम. एका नेटवर्कचं नाव मी असं वाचलं : काहीतरी-ळ-अर्धविराम-ख-पूर्णविराम-ग-ला-शेपटी. हिला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "अहो, कोणीतरी शिंकलंय."

सगळी बिल्डिंग सापडली त्या यादीत. आमचं नेटवर्क नव्हतं.

परत शोधलं. राउटरच्या अगदी जवळ नेऊन, टीव्हीच्या टेबलावर ठेवून शोधलं. शेजाऱ्यांची तीन नावं जास्त आली, आमचं नाही. फोन मात्र त्याच वायफायवर मस्त चालला होता, हिचा पण. मला पहिली शंका आली ती यंत्राचीच, वापरलेलं आहे, अँटेना गेली असेल, पण मग शेजारच्यांची कशी दिसतात? मग म्हटलं हॉटस्पॉट लावून बघू. माझ्या फोनचा हॉटस्पॉट लावला, सोपा आठ आकडी पासवर्ड ठेवला, नोटटेकरने लगेच पकडला आणि जोडला गेला पण. (इथं आठही आकडे मी बरोबर टाकले कारण हॉटस्पॉटच्या सेटिंगमधे पासवर्ड एकुलता एक आकडा आठ वेळा ठेवला होता आणि ते टिंब मला यादी वाचून वाचून पाठ झालं होतं. ही हुशारी पुढं कामाला आली नाही.) म्हणजे यंत्र धडधाकट, दोष राउटरकडे.

इंटरनेटवाल्यांच्या हेल्पलाईनला फोन केला. कंपनीचं नाव सांगत नाही, सगळ्यांची एकच शाळा असणार. मुलगी गोड बोलत होती.

"सर, राउटरवर हिरवा दिवा लागलाय का?"

"मॅडम, मी अंध आहे, मला दिवा दिसत नाही."

"ओके सर. लाल लागलाय का?"

मी परत सांगितलं. तिने सॉरी म्हटलं, मनापासून म्हटलं, आणि मग म्हणाली, "सर एकदा जवळ जाऊन बघता का." तिचा तरी काय दोष, तिच्यासमोर कागद असणार, त्याच्यावर दिव्याच्या पुढचं पान उत्तराशिवाय उलटत नसणार. मी फोनवरच्या सीइंग एआय या ॲपमधलं उजेडाचं साधन लावलं, फोनचा कॅमेरा जिकडे उजेड तिकडे सूर चढत जातो, राउटरवरून हळूहळू फिरवलं तर चार ठिकाणी सूर चढला. म्हटलं, "चार दिवे लागलेत, रंग माहीत नाही." तिने कम्प्लेंट लिहून घेतली आणि टेक्निशियनचा नंबर दिला.

टेक्निशियन पोरगा बरा निघाला. "सर, तुमच्या मशीनला पाच गिगाहर्ट्झ चालतं का?" मी यंत्राची आतली मदत-फाईल उघडली, तिथं स्वच्छ लिहिलेलं, २.४ गिगाहर्ट्झ. तो म्हणाला, "मग बरोबर आहे, तुमचं २.४ मीच बंद केलंय मागच्या वेळी, फोन सारखा त्याला चिकटतो आणि लोकं स्पीड नाही म्हणून बोंबलतात." म्हणजे असं आहे की राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ ची पोच लांब, भिंतीपलीकडे जाते पण वेग कमी, ५ चा वेग जास्त पण भिंत आली की दम तुटतो. फोनला दोन्ही कळतात. प्रिंटर, वायफायचे बल्ब, असली बरीचशी यंत्रं आणि माझं नोटटेकर, यांना फक्त २.४ कळतं. पाचच्या पट्टीत कोणी कितीही मोठ्याने ओरडलं तरी यांना ते ऐकूच जात नाही. हे मला आधी माहीत असतं तर सकाळ वाचली असती. पोरगा म्हणाला सोमवारी, नाहीतर मंगळवारी येतो. मला तेवढा धीर नव्हता.

राउटरचं पान ब्राउझरमधे उघडतं, १९२.१६८.१.१ टाकलं की. लॅपटॉपवर उघडलं. युजरनेम, पासवर्ड, आणि खाली कॅप्चा. चित्रातला. स्वतःच्या घरातल्या, स्वतः पैसे भरलेल्या डब्यात शिरायला मी माणूस आहे हे सिद्ध करायचं, ते पण डोळ्यांनी. आणि नोटटेकरला लागणारा वायफायचा पासवर्ड राउटरच्या बुडाला स्टिकरवर छापलेला.

बी माय आइज या ॲपवर कॅमेऱ्यातून बघून सांगणाऱ्या कुणा डोळस स्वयंसेवकाला फोन लावला असता तर दोन मिनिटात वाचून मिळालं असतं, एरवी मी औषधाच्या पाकिटापासून गॅसच्या बिलापर्यंत तेच करतो. पण पासवर्ड अनोळखी माणसाला दाखवायचा नाही एवढं बँकेत राहून अंगात मुरलंय. फोनमधून वायफाय शेअर करायला गेलो तर क्यूआर कोडचं चित्र येतं, माझ्या फोनवर खाली अक्षरं येत नाहीत, आणि नोटटेकरला कुठला आलाय कॅमेरा. शेवटी वरच्या मजल्यावरच्या काकूंना हाक मारली. काकू ७४ वर्षांच्या, पोस्टातून रिटायर झालेल्या, पत्ता वाचण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

काकू आल्या, चष्मा लावला, लॅपटॉपसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "अरे, हा बंद आहे की!"

तर मी लॅपटॉपचा ब्राइटनेस कायम शून्यावर ठेवतो, बॅटरी वाचते. काकूंना काळं पान दिसत होतं आणि एनव्हीडीए आतून बडबडत होतं, त्यांना वाटलं भूतबाधा. ब्राइटनेस वाढवला. मग राउटर उलटा केला आणि काकूंनी स्टिकर वाचायला घेतलं, मी ब्रेल टोचायची पाटी आणि स्टायलस घेऊन उतरवत होतो.

"टी, मोठा. के, बारका. सात. मग ते... ते नाही का, ईमेलमधलं, जिलबीसारखं."

"ॲट."

"तेच. एम बारका. आर मोठा. मग गोल. मग चार. मग परत गोल. मग झेड बारका."

"काकू, गोल म्हणजे ओ का शून्य?"

"आता ते मी काय सांगू. दोन्ही गोलच आहेत. पहिलं जरा बारकं वाटतंय, पण माझा चष्मा पण जुना आहे."

मला राहवलं नाही, म्हटलं, आमच्या लिपीत ही पंचाईतच नाही, ओ म्हणजे १-३-५ आणि शून्य म्हणजे ३-५-६, गोल कुणीच नाही. काकू म्हणाल्या, "मग तुमचीच लिपी छापायची ना यांनी." 

कॅप्चा काकूंनी तिसऱ्या वेळी बरोबर सांगितला. आत शिरल्यावर पान कसं होतं विचारू नका. एनव्हीडीए नुसतं "बटण, बटण, बटण, चेकबॉक्स निवडलेला नाही, बटण" असं म्हणत होतं, कशाचं बटण ते लिहिलेलंच नाही. काकूंनी बोट ठेवून ठेवून सांगितलं, वायरलेस, मग २.४, मग 'चालू करा' च्या पुढचा चौकोन. मी स्पेस दाबला, सेव्ह केलं, राउटर बंद होऊन परत सुरू झाला. दोन मिनिटं घरात कुणाचंच नेट नाही. हिचं ऑनलाईन कसलं तरी व्याख्यान चालू होतं ते तुटलं, ते वेगळं.

परत शोधलं आणि आमचं नेटवर्क यादीत पहिलंच! दाबलं. पासवर्ड विचारला. इथून खरी गंमत.

मी आपला पाटीवरचं वाचून सवयीने टाइप केला, साहित्याच्या, म्हणजे नेहमीच्या पुस्तकी ब्रेलमधे टाकतो तसा. कॅपिटलच्या आधी ६ नंबरचं टिंब, आकड्याच्या आधी अंकचिन्ह, सगळं व्यवस्थित. डिस्प्लेवर बोट फिरवलं तर काय, छ छ छ छ छ छ छ. एका ओळीत. मी घाबरलो. मग लक्षात आलं, पासवर्ड लपवायला यंत्र प्रत्येक अक्षराच्या जागी तारका दाखवतं, डोळसांना दिसतात ना तशा फुल्या, आणि कॉम्प्युटर ब्रेलमधे तारका म्हणजे १-६. आणि १-६ म्हणजे आमचा छ. घरात आम्ही दोघंच, दोघंही आंधळे, काकू सोफ्यावर चहा पितायत, आणि यंत्राला स्क्रीनच नाही, तरी पासवर्ड लपवून ठेवलाय. कोणापासून, देव जाणे. माझ्यापासूनच.

एंटर दाबलं. पासवर्ड चुकीचा.

परत तसाच टाकला, परत छ छ छ, परत चुकीचा. ही म्हणाली, "छ किती आहेत ते मोजा बरं." हे मला सुचायला हवं होतं. मोजले, पंधरा. पासवर्ड दहा अक्षरी. पाच छ जास्तीचे आले कुठून? मग एकेक धरून मोजत गेलो. टी च्या आधी मी ६ चं टिंब दिलं, ते यंत्राने स्वल्पविराम म्हणून घेतलं, एक जास्त. आर च्या आधीही तेच, दोन. सात च्या आधी अंकचिन्ह, ३-४-५-६, ते इथं हॅश होतं, तीन. शेवटच्या आकड्यांच्या आधीचं अंकचिन्ह, चार. आणि ॲट मी इंग्रजी ब्रेलमधल्यासारखं दोन सेलमधे लिहिलं होतं, पाच. म्हणजे यंत्र बिचारं मी देतोय ते इमानदारीत घेत होतं. पासवर्डच्या चौकटीत एक अक्षर म्हणजे एकच सेल. कॅपिटल टी म्हणजे टी ची टिंबं आणि डाव्या करंगळीने ७, सगळं एकदम. आकडे खालच्या टिंबांत, सात म्हणजे २-३-५-६, चार म्हणजे २-५-६, शून्य ३-५-६. आणि ॲट म्हणजे ४-७. भारती ब्रेलमधे ४ म्हणजे हलन्त, तर मी लक्षात ठेवायला म्हटलं, शेपटीचा हलन्त.

तिसऱ्यांदा हळूहळू टाकला. मोजले. नऊ.

आता एक कमी! ही हसायला लागली, काकूंना काही कळेना पण त्या पण हसायला लागल्या. मी परत टाकला, पुन्हा नऊ. आता हे नऊचं प्रकरण मात्र मला बराच वेळ उमगलं नाही. शेवटी प्रत्येक बटण दाबल्यावर बोट खाली आणून छ वाढला का ते बघत गेलो. टी, एक छ. के, दोन. सात, तीन. शेपटीचा हलन्त, चार... आणि परत तीन. आला आणि गेला! कारण असं की ४ उजव्या तर्जनीला आणि ७ डाव्या करंगळीला, आणि माझी डावी करंगळी पाटी-स्टायलसच्या जमान्यातली, तिला कधी कामच नव्हतं, ती मागून येते. मी ४ दाबून सोडत होतो आणि मग करंगळी ७ वर पडत होती. आणि नुसतं ७ म्हणजे या यंत्रात बॅकस्पेस. म्हणजे उजवा हात लिहितोय आणि डावा पुसतोय, आमच्या शाखेत दोन टेबलांमधे चालतं तसं.

मधेच कंटाळून म्हटलं डब्ल्यूपीएस करू, त्यात पासवर्डच लागत नाही, यंत्रावर तो पर्याय घ्यायचा आणि राउटरच्या मागचं बटण दाबायचं, दोघं आपापसात ठरवतात. काकूंना म्हटलं, डब्ल्यूपीएस लिहिलेलं बटण कुठलं. काकू म्हणाल्या, "तीन बटणं आहेत, पण काळ्यावर काळ्यानंच लिहिलंय रे, उठावाचं आहे, रंग नाही, मला दिसत नाही." मी हात लावला, खरंच उठाव होता, पण छापील इंग्रजी अक्षरांचे आकार माझ्या बोटाला थोडेच कळणार. अशीच उठावाची अक्षरं बोटांनी वाचून मुलं दमायची म्हणून तर लुई ब्रेलने पॅरिसच्या शाळेत असताना १८२९ साली आपली टिंबांची लिपी छापून काढली, आणि जवळपास २०० वर्षांनी राउटरवाले परत उठावाच्या अक्षरांवर आले, आता ती ना काकूंना वाचता येत ना मला. अंदाजाने मधलं दाबलं. ते वायफाय बंद करायचं बटण निघालं. हिचं व्याख्यान दुसऱ्यांदा तुटलं. डब्ल्यूपीएसचा नाद सोडला.

परत पासवर्ड. आता दोन्ही हात टेबलावर टेकवून, श्वास रोखून, ४ आणि ७ एकदम दाबून एकदम सोडले. मोजले, दहा छ. पूर्ण दहा. एंटर.

चुकीचा.

काकू म्हणाल्या, "ते गोल." हो, ते गोल राहिलंच होतं. पहिला गोल मी शून्य धरला होता. कॅपिटल ओ टाकून बघितला, नाही. मग बारका ओ, १-३-५. एंटर दाबलं, पिना खाली गेल्या, डिस्प्ले सपाट झाला, इतका वेळ सपाट की मी हिला म्हटलं हँग झालं वाटतं, आणि मग ओळ वर आली. जोडले गेले. मी ती ओळ दोनदा वाचली. मग हिचं बोट धरून त्याच्यावर ठेवलं.

पुढचं पटपट सांगतो. जोडलं तरी बुकशेअर लॉगिन घेईना, पासवर्ड बरोबर, छ बरोबर, तरी नाही. शेवटी सापडलं की यंत्राची तारीखच काही वर्षं मागची होती, बॅटरी कधीतरी पूर्ण उतरली असणार, आणि घड्याळ चुकलेलं असेल तर सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र यंत्राला खरं वाटत नाही. तारीख नीट केली, लॉगिन झालं. मग अपडेट. त्याला चार्जर लावून ठेवावा लागतो, तेवढ्यात आमच्याकडे लाईट गेली, पण बॅटरी भरलेली होती आणि फाईल आधीच उतरली होती म्हणून निभावलं. तुम्ही कराल तेव्हा मात्र रविवारी दुपारी करू नका, आमच्या इथं लाईट तेव्हाच जाते.

संध्याकाळी लॅपटॉपवरून परत राउटरच्या पानावर जाऊन २.४ चा पासवर्ड बदलला, या वेळी कॅप्चा वाचायला काकूंचा नातू होता, त्याला एका झटक्यात आला. नवीन पासवर्ड हिने ठरवला. सगळी बारकी अक्षरं, कॅपिटल नाही, आकडा नाही, जिलबी नाही, पण लांबलचक, चार मराठी शब्द इंग्रजीत जोडून लिहिलेले. किमान आठ अक्षरं लागतात आणि ६३ पर्यंत चालतात, मग कशाला टी के सात ॲट करत बसायचं? बँकेत पासवर्डचे नियम बनवतात त्यांच्या करंगळ्या एकदा बघायला पाहिजेत. पाचच्या पट्टीवरचा जुनाच ठेवला म्हणजे फोनबिन परत जोडायला नको. नेटवर्कच्या नावातला अंडरस्कोअर पण काढून टाकला, आता ळ लागत नाही.

रात्री हिने नोटटेकर घेतलं ते अकरापर्यंत दिलंच नाही. एक कथासंग्रह उतरवला होता. ओळ संपली की अंगठ्याचं बटण दाबायचं आणि पिना बदलायच्या, फुर्र, परत फुर्र. मी शेजारी पडून ऐकत होतो. मधेच ती थांबायची आणि एकाच जागी बोट पुढेमागे करायची, तेव्हा कळायचं की काहीतरी आवडलंय. "मला पण वाच की," म्हटलं तर म्हणाली, "तुमच्या फोनला सांगा."

हां, आणि पासवर्ड विसरू नये म्हणून तिने तो पाटीवर जाड प्लास्टिकच्या पट्टीवर ब्रेलमधे टोचला आणि राउटरच्या बुडाला चिकटवून टाकला. बुडाला सगळीकडे हवा जायची जाळी, एकच जागा सपाट गुळगुळीत लागली तिला, तिथं बसवला घट्ट.

मंगळवारी तो टेक्निशियन पोरगा आला, कम्प्लेंट उघडी होती ना, बंद करायला सही लागते. म्हटलं झालं सगळं. तरी त्याने राउटर काढला, उलटा केला आणि थांबला.

"सर, याच्यावरचा स्टिकर कुठं गेला? पासवर्ड दिसत नाहीये."

मी म्हटलं, "आहे की. हात लावून बघ."

त्याने खरंच हात लावून बघितला.